सल्ल्याचे मोल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात बजबज येथील सभासदांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत नाट्यगीतांचा कार्यक्रम आणि पुरणपोळीचे जेवण यांच्या मधल्या जागेत आमचे व्याख्यान बसविण्यात आले आहे. ही जागा वक्त्याच्या दृष्टीने किती धोक्याची असते हे सांगणे न लगे. तरीही आम्ही होकार दिला, कारण विषय निकडीचा आहे. 'लाइफ कोच' अथवा 'बिझनेस कोच' होऊन उत्तम अर्थार्जन करता येईल काय, आणि येत असल्यास कसे, हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत मंडळातील तीन निरनिराळ्या घरांतून आमच्या कानी आला. एका घरी गृहस्थ वर्षभरात सेवानिवृत्त होत आहेत आणि ग्रॅच्युइटीच्या रकमेतून एका प्रशिक्षणवर्गाचे शुल्क भरावे असे त्यांच्या मनात आहे. दुसऱ्या घरी मुलगी चांगली नोकरी सोडण्याच्या विचारात आहे. तिसऱ्या घरी शुल्क भरूनही झाले आहे. तेव्हा हा केवळ बौद्धिक चर्चेचा विषय नव्हे. आपल्यापैकी काहींच्या आयुष्याच्या शिलकीचा आहे.

आम्ही स्वतः या व्यवसायातील नाही. साधे बी. ए. आहोत, तीन दशकांहून अधिक काळ केंद्र सरकारच्या फायली हलवीत आलो, आणि आमच्याही सेवानिवृत्तीस फार वर्षे उरलेली नाहीत. त्यामुळे या मार्गाकडे आम्ही थोड्या स्वार्थानेच पाहिले. हिशेब मांडण्याची खोड नोकरीने लावली आहे. त्या खोडीतून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम शब्दाविषयी. हंगेरीत कोच नावाचे एक खेडे आहे. तेथे पंधराव्या शतकापासून उत्तम घोडागाड्या बनत, आणि त्या खेड्याचे नाव गाडीला पडले. पुढे एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी, परीक्षेतून पार नेणाऱ्या शिकवणीच्या मास्तरांस थट्टेने 'कोच' म्हणण्यास प्रारंभ केला. बजबज लोकलचा डबा आणि आजचा जीवनमार्गदर्शक हे असे एकाच गाडीचे वंशज आहेत. ही माहिती केवळ करमणुकीसाठी देत नाही. गाडी प्रवाशास त्याच्या इच्छित स्थळी नेते. स्थळ कोणते हे गाडीने ठरवावयाचे नसते. या व्यवसायाचे शास्त्र म्हणून जे सांगितले जाते त्याचे सारही हेच आहे. टिमथी गॅलवे या टेनिसच्या शिक्षकाने १९७४ मध्ये टेनिसच्या आंतरिक खेळाविषयी एक पुस्तक लिहिले. खेळाडूला सूचनांनी भंडावून सोडण्यापेक्षा त्याचे स्वतःचे लक्ष जागे करावे, असे त्याचे म्हणणे होते. हाच विचार इंग्लंडमध्ये जॉन व्हिटमोर यांनी कारखाने आणि कचेऱ्यांत नेला व १९९२ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांच्या पद्धतीत चार प्रश्न आहेत: तुला काय साधावयाचे आहे, आज वस्तुस्थिती काय आहे, मार्ग कोणकोणते आहेत, आणि त्यांपैकी कोणता तू खरोखर चालणार आहेस. वर पाहता प्रश्न सोपे. पण समोरचा मनुष्य दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर टाळीत असतो आणि चौथ्याचे उत्तर फार लवकर देतो, हे ज्याला ओळखता येते त्याच्याच हाती ही पद्धत चालते.

हा व्यवसाय काय नाही, हेही येथेच सांगावयास हवे. आपल्या देशात 'कोच' अशी पाटी लावण्यास कोणताही परवाना लागत नाही. परंतु पैसे घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्यास सेबीच्या २०१३ च्या नियमांप्रमाणे नोंदणी आवश्यक आहे, आणि मनोरुग्णांवर उपचार हे तर सर्वस्वी वेगळे क्षेत्र असून त्याला रीतसर शिक्षण व नोंदणी लागते. समोर बसलेला माणूस झोप उडाल्याचे, जगण्यात राम नसल्याचे सांगू लागला, तर तेथे आपले चार प्रश्न मिटून ठेवावेत आणि त्याला डॉक्टरांकडे पाठवावे. त्या दिवसाचे शुल्क बुडते. ते बुडू द्यावे.

आता मुख्य अडचणीकडे वळतो, आणि ती अडचण आपल्या मनातली आहे. आपल्या घरांत सल्ला फुकट असतो. किंबहुना तो न मागताही मिळतो. शेजारच्या मुलाला नोकरीची वाट दाखविली, भाच्याच्या दुकानाचे कर्ज मंजूर होईपर्यंत बँकेत चार खेपा घातल्या, याचे पैसे कसे मागावयाचे? 'विद्या विकू नये' हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो. म्हणून या व्यवसायात उतरलेला मराठी माणूस पहिल्या वर्षी सल्ला देतो आणि शुल्काचा विषय निघाला की चहा मागवितो.

या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला फार लांब जावे लागले नाही. १९ फेब्रुवारी १८९७ या दिवशी स्वामी विवेकानंद पाश्चात्त्य देशांतून परत येऊन, मद्रासहून बोटीने आल्यावर, याच बजबजला उतरले आणि येथील स्थानकातून आगगाडीने सियालदहला गेले. बजबजकर हा दिवस अभिमानाने स्मरतात. परंतु स्वामीजींच्या चरित्रातील एक व्यावहारिक प्रकरण सहसा सांगितले जात नाही. अमेरिकेत शिकागोच्या धर्मपरिषदेनंतर त्यांनी एका व्याख्यानसंस्थेशी करार केला होता. संस्थेने गावोगाव व्याख्याने ठरवावीत, तिकिटे लावावीत, आणि वक्त्याला त्यातून भाग द्यावा, अशी ती व्यवस्था. एका तासाच्या व्याख्यानातून अडीच हजार डॉलर जमले आणि आपल्या हाती दोनशेच आले, असे त्यांनी मद्रासच्या शिष्यास पत्राने कळविले आहे. १८९४ मध्ये त्यांनी त्या करारातून सुटका करून घेतली. पुढे न्यूयॉर्कला त्यांनी जे वर्ग चालविले त्यांत धर्मोपदेशाचे मोल घेतले नाही. खर्च भागविण्यासाठी त्यांनी भारताविषयी आणि इतर लौकिक विषयांवर व्याख्याने दिली, त्यांचे पैसे मात्र घेतले.

संन्याशाने घालून घेतलेली ही मर्यादा आम्हां संसारी माणसांस फार उपयोगाची वाटते. कशाचे घ्यावयाचे आणि कशाचे नाही, हे त्यांनी आधी ठरविले. मधल्या माणसाच्या हाती आपली किंमत देणे हानीचे आहे, हेही त्यांना अनुभवाने कळले. आज ज्यांस कोणी 'आम्ही तुम्हांला गिऱ्हाइके मिळवून देतो' असे म्हणतो, त्यांनी ते दोनशे डॉलर आठवावेत.

याच्या पुढची पायरी म्हणजे काहीच न घेणे. वामनराव पै यांचे उदाहरण आपणां सर्वांस ठाऊक आहे. १९५५ पासून त्यांनी प्रबोधन चालविले, जीवनविद्या मिशनचे कार्य उभारले, २०१२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत असंख्य मराठी कुटुंबांस संसाराची वाट दाखविली, आणि गुरुदक्षिणा घेतली नाही. याविषयी आमच्या मनात आदर आहे. परंतु हिशेबनीस म्हणून एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. वामनराव मुंबईस मंत्रालयात नोकरी करीत होते आणि तेथून अधिकारपदावरून निवृत्त झाले. त्यांच्या घरची चूल सरकारी वेतनावर आणि नंतर निवृत्तिवेतनावर चालत होती. निःशुल्क मार्गदर्शनालाही कोठून तरी पैसा लागतोच. ज्याला निवृत्तिवेतन आहे त्याला हा मार्ग मोकळा आहे, आणि आपल्यापैकी ज्यांना तो घ्यावयाचा असेल त्यांनी खुशाल घ्यावा. नोकरी सोडू पाहणाऱ्या बत्तीस वर्षांच्या मुलीला मात्र तो आदर्श म्हणून दाखवू नये.

आणखी एक परंपरा आपल्याच लोकांची आहे, आणि ती याच कोलकात्यात पाहावयास मिळते. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडीच्या दुष्काळी भागांतून निघालेले गलाई व्यावसायिक देशभर पसरले आहेत. सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा हा उद्योग. हे लोक गावातली, नात्यातली पोरे बरोबर आणतात, भट्टीपाशी बसवितात, धातू ओळखावयास, सराफाशी बोलावयास, उधारी वसूल करावयास शिकवितात. पुढे तोच पोरगा दुसऱ्या गावी आपले दुकान थाटतो. कोणी कोणास 'कोच' म्हणत नाही, शुल्काची पावती नाही. पण शिकविण्याचे मोल पोराच्या श्रमातून वसूल होते आणि विश्वासातून दुप्पट होते. इंग्रजी पुस्तकांत 'बिझनेस कोचिंग' म्हणून जे सांगतात त्याचा अर्धा भाग आमच्या मते या भट्टीपाशी आहे. उरलेला अर्धा भाग म्हणजे बाहेरच्या माणसाची तटस्थ नजर. ती नात्यात मिळत नाही, आणि पैसे देऊन घ्यावी लागते ती तीच.

पैसे घेऊन सल्ला देणारी मराठी माणसे झालीच नाहीत असे नव्हे. माधवराव भिडे रेल्वेत अभियंता होते. ती नोकरी सोडून त्यांनी सल्लागाराचा व्यवसाय केला, आणि त्यात स्थिर झाल्यानंतर २००० साली 'सॅटर्डे क्लब' काढला. मराठी उद्योजकांनी ठराविक दिवशी एकत्र बसावे, एकमेकांस काम मिळवून द्यावे, एकमेकांच्या चुका सांगाव्यात, अशी ती कल्पना. तुकोबांच्या सुपंथाच्या ओळीत 'श्रीमंत' हा शब्द बसवून त्यांनी क्लबाचे ब्रीदवाक्य केले. काहींना हा बदल खटकतो; आम्हांला तो प्रामाणिक वाटतो. अविनाश धर्माधिकारी यांनी भारतीय प्रशासन सेवेचा राजीनामा देऊन १९९६ मध्ये पुण्यात चाणक्य मंडल सुरू केले आणि स्पर्धापरीक्षांच्या विद्यार्थ्यांस मार्गदर्शन करू लागले. दोघांच्या बाबतींत क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी काही वर्षे एखादे काम हातात घेऊन केलेले होते, आणि त्या कामाविषयीच ते बोलले. मुंबईच्या डबेवाल्यांचेही तेच. हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयाने २०१० मध्ये त्यांच्यावर अभ्यासपत्र प्रसिद्ध केले आणि ठिकठिकाणच्या व्यवस्थापनसंस्थांनी त्यांना व्याख्यानास बोलाविले. त्यांच्यापाशी कोणते प्रमाणपत्र होते? डबा वेळेवर पोचत होता, एवढेच.

सिद्धान्त शिकविणाऱ्यांची कोलकात्यात वाण नाही. भारतातील व्यवस्थापनशिक्षणाच्या सुरुवातीच्या संस्थांपैकी एक १९५३ मध्ये याच शहरात निघाली, आणि १९६१ साली स्थापन झालेले भारतीय प्रबंध संस्थान जोका येथे आपल्यापासून फारसे दूर नाही. तेथून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांशी आपण सिद्धान्ताच्या जोरावर स्पर्धा करू म्हटले तर ते हास्यास्पद होईल. आपले भांडवल निराळे आहे.

आता हिशेब. यातील आकडे आम्ही समजुतीसाठी धरलेले आहेत. आपण आपले घालून पाहावेत. एका भेटीचे दीड हजार रुपये धरा. भेट तासाभराची असली तरी तिच्या मागेपुढे दोन-तीन तास जातात: प्रवास, टिपणे, दूरध्वनी, आणि शुल्काची आठवण करून देणे. त्यामुळे पूर्ण वेळ काम करणाऱ्यासही आठवड्यात दहा भेटींपलीकडे जाणे कठीण. दुर्गापूजा, आजारपण, गावी जाणे वगळून वर्षाचे चव्वेचाळीस आठवडे धरले, तर ४४० भेटी आणि ६ लाख ६० हजार रुपये होतात. जागा, प्रवास, पुस्तके, हिशेबतपासनीस यांचा खर्च १ लाख ६० हजार धरला तर हाती ५ लाख राहतात. त्यावर प्राप्तिकर वेगळा. हे झाले जम बसल्यावरचे. पहिल्या वर्षी आठवड्याला दहा नव्हे, तीन भेटी मिळतात असे धरून चला. १३२ भेटी, १ लाख ९८ हजार रुपये. खर्च मात्र फारसा घटत नाही. तो तेवढाच धरला तर वर्षाअखेर हाती अडतीस हजार रुपये! महिन्याचे तीन हजार दोनशेच्या आसपास. जाहिरातीत लाखांचे आकडे असतात, हा आकडा नसतो.

म्हणजे तास विकून कोणी धनवान होत नाही. तास मोजके आहेत. ज्यांनी या व्यवसायात खरोखर पैसा मिळविला त्यांनी दोन-तीन निराळ्या वाटा धरल्या. एक, बारा दुकानदारांस एका संध्याकाळी एकत्र बसविणे. प्रत्येकी हजार रुपये घेतले तरी एका बैठकीचे बारा हजार होतात, आणि दुकानदार एकमेकांकडून जे शिकतात ते निराळेच. दुसरी, लहान कारखान्यांशी मासिक ठराव करणे. आठ ठिकाणांहून महिन्याला पाच-पाच हजार आले तर वर्षाचे ४ लाख ८० हजार होतात, आणि दर आठवड्यास नवे गिऱ्हाईक शोधीत हिंडावे लागत नाही. तिसरी वाट डेल कार्नेगी यांची. १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या वाय. एम. सी. ए. ने त्यांना रात्रीच्या वर्गाचे नेहमीचे दोन डॉलरसुद्धा देण्यास नकार दिला. वक्तृत्वाच्या वर्गाला कोण येणार, असे चालकांना वाटले. कार्नेगींनी उत्पन्नातील हिस्सा मागून घेतला, आणि तीन वर्षांत त्याच हिश्श्याने त्यांना रात्रीचे तीस डॉलर मिळू लागले. त्यांचे जगप्रसिद्ध पुस्तक १९३६ सालचे. म्हणजे वर्ग सुरू झाल्यावर चोवीस वर्षांनी आलेले. आज प्रथम पुस्तक छापून मग वर्ग शोधण्याची रीत आहे, ती उलटी आहे असे आमचे मत. पसारा वाढून वर्षाची उलाढाल वीस लाखांवर गेली तर वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागते. ती चिंता ज्याला पडेल त्याचे आम्ही अभिनंदनच करू.

चौथी वाट आम्ही मुद्दाम वेगळी काढून ठेवली होती. ती म्हणजे कोच होऊ इच्छिणाऱ्यांना कोच करण्याचा वर्ग काढणे.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. निवृत्तीनंतर त्यांनी अशा एका वर्गास दीड लाख रुपये भरले. वर्गात तीस जण होते. म्हणजे एका तुकडीचे पंचेचाळीस लाख झाले. वर्ग वाईट नव्हता, शिक्षक हुशार होते, प्रमाणपत्र सोनेरी अक्षरांचे होते. वर्ष उलटल्यावर गृहस्थांकडे तीन गिऱ्हाइके होती. त्यांपैकी दोघे त्याच वर्गातले सहाध्यायी, आणि त्यांच्याशी व्यवहार अदलाबदलीचा. मग 'वरच्या श्रेणीच्या' वर्गाचे निमंत्रण आले, साडेतीन लाखांचे. गृहस्थ ते भरणार होते. त्यांच्या पत्नीने बँकेचे पुस्तक कपाटात कुलूप लावून ठेवले म्हणून रक्कम राहिली. जत्रेत नवस पावो न पावो, नारळवाल्याचा गल्ला भरतोच. नारळवाला फसवितो असे आम्ही म्हणत नाही. परंतु नारळाच्या खपावरून देव किती जणांना पावला हे ठरवू नये.

प्रमाणपत्राला काहीच अर्थ नाही काय? आहे, पण कोणत्या प्रमाणपत्राला, ते पाहावे. १९९५ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली एक जागतिक संस्था, इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन, तीन श्रेणी देते. पहिलीसाठी साठ तासांचे शिक्षण आणि शंभर तासांचा अनुभव लागतो. त्यांतील पंचाहत्तर तास मोबदला घेऊन केलेले असावे लागतात. दुसरीसाठी अनुभवाचे पाचशे तास, आणि सर्वांत वरच्या श्रेणीसाठी अडीच हजार. या अटींतच शहाणपण आहे. आठवड्याला तीन भेटींच्या हिशेबाने शंभर तासांस आठ-नऊ महिने आणि पाचशे तासांस जवळजवळ चार वर्षे लागतात. म्हणून जो वर्ग चार रविवारांत 'मास्टर कोच' करून देतो, त्याच्या चालकास एवढेच विचारावे की गेल्या वर्षी शिकवून झालेल्यांपैकी किती जण आज याच कामावर घर चालवितात, आणि त्यांतील दोघांशी आम्हांस बोलता येईल काय. हा प्रश्न आम्ही तीन ठिकाणी विचारून पाहिला. एका ठिकाणाहून उत्तर आले.

आम्हां सरकारी नोकरांसाठी आणखी थोडे. नोकरीत असताना चोरून असा व्यवसाय करू नये. १९६४ च्या वर्तन नियमांतील पंधराव्या नियमाप्रमाणे पूर्वसंमतीशिवाय खाजगी व्यवसाय वा दुसरी नोकरी करता येत नाही. समाजसेवेचे विनामूल्य काम किंवा प्रासंगिक वाङ्मयीन, कला वा शास्त्रविषयक काम करण्यास मुभा आहे, तेही सरकारी कर्तव्यास बाध न येता. अनेकांना वाटते की निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून आपण मोकळे. गट 'अ' च्या अधिकाऱ्यांस निवृत्तीनंतर एक वर्षापर्यंत व्यापारी नोकरी पूर्वसंमतीशिवाय घेता येत नाही. पूर्वी ही मुदत दोन वर्षांची होती. या 'व्यापारी नोकरी'च्या व्याख्येत सल्लागार म्हणून स्वतंत्र व्यवसाय थाटणेही येते, जर सल्ल्याचा विषय सरकारी कामातून मिळालेल्या ज्ञानाचा असेल आणि त्याची व्यावसायिक पात्रता आपणापाशी नसेल. आमच्यासारख्या बी. ए. वाल्यास हे कलम नेमके लागू पडते. तेव्हा आधी अर्ज, मग पाटी. तो एक वर्षाचा काळ वाया जातो असेही नाही. मंडळातील चार जणांबरोबर विनामूल्य बसून पाहिले तर आपल्याला ऐकता येते की केवळ बोलताच येते, हे वर्षभरात कळते. वरिष्ठ अधिकाऱ्याला ऐकण्याची सवय नसते. त्याच्या विनोदाला तीस वर्षे लोक हसलेले असतात, आणि कशासाठी हसत होते ते त्याला निवृत्तीनंतर समजते.

आता ज्या उदाहरणासाठी आम्ही एवढा वेळ घेतला ते सांगतो. आपल्या मंडळातील एक भगिनी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन बेहालाकडे राहतात. त्यांच्या दारावर पाटी नाही. महेशतला आणि मेटियाब्रुजकडे शिवणकामाचे जे लहान कारखाने आहेत, त्यांपैकी सहा मालकांकडे त्या महिन्यातून दोनदा जातात. मालक उत्तम कारागीर आहेत. कापड हातात घेतले की नगाची किंमत सांगतील. पण कोणत्या व्यापाऱ्याकडे किती महिन्यांची उधारी थकली आहे आणि पूजेच्या हंगामातला नफा माघ महिन्यात कोठे जातो, हे त्यांना सांगता येत नव्हते. या बाई हिशेब लिहीत नाहीत, तो मालकाने लिहावयाचा. त्या बसून विचारतात. 'हा व्यापारी गेल्या सालीही थकला होता ना? मग यंदा माल का दिला?' मालक रागावतो, मग हसतो, मग वही काढतो. त्या बंगाली अस्खलित बोलतात, हिंदीत भांडू शकतात, आणि पैशांचा विषय मराठी संकोचाने टाळीत नाहीत. पहिल्याच भेटीत सांगतात: महिन्याला तीन हजार, पहिल्या तारखेस, तीन महिने पाहा आणि उपयोग नसेल तर मला सोडा. दोघांनी सोडले. सहा राहिले. म्हणजे महिन्याला अठरा हजार रुपये, निवृत्तिवेतनाखेरीज.

आम्ही त्यांना विचारले, 'ताई, तुम्ही स्वतःस बिझनेस कोच का म्हणवीत नाही?' त्या म्हणाल्या, 'भाऊसाहेब, तसे म्हटले की ते मला भाषण करायला सांगतील.'

अठरा हजार म्हणजे आर्थिक यश काय, असे कोणी विचारील. ज्याला मुलांचे शिक्षण अजून करावयाचे आहे त्याला हे पुरणार नाही, आणि त्याने नोकरी सोडण्यापूर्वी निदान वर्षभराच्या घरखर्चाची शिल्लक व दोन बांधलेली कामे हाती ठेवावीत. सुट्टीच्या दिवशी, मालकाची परवानगी असल्यास, आधी करून पाहावे. आठवड्याला तीन भेटी सहा महिने टिकल्या तर पुढचा विचार. ज्या मुलीचा उल्लेख आम्ही प्रारंभी केला तिने आठ वर्षे मोठ्या कंपनीत माणसांची भरती केली आहे. तिने 'जीवन' हा विषय सोडून 'लहान कारखान्याने माणूस कसा निवडावा आणि कसा टिकवावा' एवढाच विषय घ्यावा, असे आम्ही तिला सुचविले. विषय जितका अरुंद तितके गिऱ्हाईक त्याला लवकर ओळखते. पोटदुखीचा वैद्य आणि सर्व रोगांवरील औषधवाला यांपैकी आपण कोणाकडे जातो, हे आपणच पाहावे.

केंद्र सरकारच्या नोकरांच्या ग्रॅच्युइटीची कमाल मर्यादा १ जानेवारी २०२४ पासून पंचवीस लाख झाली आहे, आणि हे ज्यांस आपल्याआधी कळते असे बरेच लोक बाजारात आहेत. ती रक्कम हाती आल्यापासून सहा महिने कोणत्याही वर्गाचे शुल्क भरू नये, एवढी विनंती आम्ही घरातील स्त्रियांस विशेष करून करतो. बँकेच्या पुस्तकाचे कुलूप त्यांच्याच हाती शोभते.

कार्यवाहांशी आमचे बोलणे झाले आहे. पुढील महिन्यापासून दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता मंडळाच्या खोलीत एक टेबल आणि चार खुर्च्या ठेवण्यात येतील. ज्यांना हे काम करून पाहावयाचे आहे त्यांनी आपले नाव आणि एकच विषय वहीत लिहावा. ज्यांना अडचण आहे त्यांनी दुसऱ्या पानावर लिहावे. एका भेटीचे शंभर रुपये, ते देणाऱ्याने वहीपाशी ठेवावयाचे आणि घेणाऱ्याने पावती फाडावयाची. आमच्यासारखे जे अद्याप सरकारी सेवेत आहेत त्यांनी काही घ्यावयाचे नाही. त्यांचे शंभर मंडळाच्या ग्रंथालयास जातील. वही कार्यवाहांच्या टेबलावर आहे. पहिल्या पानावर आतापर्यंत दोन नावे आली आहेत, दुसऱ्या पानावर सात.